गेटबाहेर

माझी मुलगी पाच वर्षांची असताना घरात एक खेळ खेळायची. एका हातात पळी धरायची, दुसऱ्या हाताचं बोट कानावर ठेवायची आणि हॉलच्या दारात उभी राहायची. बोलायची मात्र काहीच नाही. बराच वेळ तशीच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिला वाक्य सुचत नसेल. "बोल ना गं," म्हटलं. नजर जराही न हलवता ती म्हणाली, "थांब आई, माझ्याकडे अजून आले नाहीत."

मी तेव्हा टीव्हीची वार्ताहर होते. लाईव्हमध्ये स्टुडिओतला अँकर आपल्याकडे 'येतो'. तो येईपर्यंत कानातल्या टॉकबॅकवर आधी जाहिराती ऐकू येतात, मग दुसऱ्याच कुणाची तरी बातमी, मग पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातून, एखादा आवाज सांगतो, "तयार राहा, पुढे तूच." तेव्हापासून कॅमेऱ्याकडे बघत उभं राहायचं. कधी दोन मिनिटं, कधी वीस. एका रविवारी घरी कुणी नव्हतं म्हणून मी मुलीला बरोबर घेऊन गेले होते, मलबार हिलला सह्याद्री अतिथीगृहाबाहेर. घरात टीव्हीवर तिला आईचं बोलणं दिसायचं. त्या दिवशी तिने आईचं थांबणं पाहिलं आणि तिच्या लेखी तेच आईचं काम ठरलं.

तिचं चुकलं नव्हतं. दीड मिनिटाच्या लाईव्हसाठी सात-आठ तास ताटकळणं हा या नोकरीचा नेम आहे. गेल्या वीस वर्षांतली माझी मुंबई म्हणजे गेटांची यादी आहे. मंत्रालयाचं आरसा गेट, 'वर्षा', 'मातोश्री', 'सिल्व्हर ओक', केईएम, जेजेचं शवागार, किल्ला कोर्ट, आर्थर रोड. कुठल्या गेटवर दुपारी सावली कुठल्या बाजूला येते, कुठला चहावाला रात्री दोनपर्यंत असतो, कुठल्या भिंतीला टेकलं तर हवालदार उठवत नाहीत, हे मला झोपेतही सांगता येईल.

बाबांच्या डोक्यातलं चित्र निराळं होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं, तेव्हा ते नुकते नोकरीला लागले होते. शेजारच्यांच्या टीव्हीवर त्यांनी भक्ती बर्वे यांना बातम्या देताना पाहिलं होतं, स्मिता पाटील यांनाही. आमच्या लहानपणी डोंबिवलीच्या घरात संध्याकाळी सात वाजता प्रदीप भिडे यांचा आवाज आला की बोलणं बंद. शब्द कसा उच्चारायचा, कुठे थांबायचं, हे ते आम्हा भावंडांना त्या आवाजावरून शिकवत. त्यामुळे २००४मध्ये मला एका मराठी वाहिनीत प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं तेव्हा ते नातेवाइकांना सांगत सुटले, "मुलगी आता बातम्या देणार." मग पावसाळ्यात त्यांनी मला पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं. हिंदमाताला गुडघाभर पाण्यात, केसांतून पाणी निथळतंय, हातात प्लास्टिकची पिशवी बांधलेला बूम माइक. रात्री घरी गेले तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुला आत का बसवत नाहीत?"

आत बसणं आणि बाहेर उभं राहणं यातला फरक त्यांना मी नीट कधीच समजावू शकले नाही. आज ते नाहीत. असते तर सांगितलं असतं की बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला जे कळतं ते आतल्याला कळत नाही. फक्त बाहेर उभं राहून बघावं लागतं आणि विचारावं लागतं. नुसतं उभं राहून भागत नाही.

हे मला पहिल्यांदा कळलं ते २६ जुलै २००५ला. त्या दिवशी माझी ड्युटी मंत्रालयात होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. हे आकडे नंतर कळले. त्या दुपारी नरिमन पॉइंटला नेहमीसारखी भुरभुर होती. ऑफिसातून फोन आला, "तिकडे काय परिस्थिती?" मी म्हटलं, "काही विशेष नाही, पाऊस आहे." मी खोटं बोलत नव्हते. माझ्या गेटवर खरोखरच काही नव्हतं. तासाभराने मोबाइल लागेनासे झाले. गेटवरच्या एका हवालदाराच्या वायरलेसवर मात्र एकामागून एक नावं येत होती, कुर्ला, कलिना, साकीनाका. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मॅडम, इथं कशाला उभ्या? वर सगळं बुडालंय."

आमचे कॅमेरामन माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. गाडी दादरच्या पुढे जाईना, म्हणून आम्ही चालत निघालो. कॅमेऱ्यावर रेनकोट, आणि दादांच्या अंगावर काहीच नाही. सायनला पाणी कमरेला लागलं. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करून चालली होती, आणि रस्त्याकडेच्या वस्त्यांतल्या बायका त्यांना चहा-बिस्किटं देत होत्या. दादांनी भरलेल्या टेप दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरल्या. त्या ऑफिसात पोचल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. इतक्या उशिराची दृश्यं आज कुणी चालवणार नाही. पण त्या रात्री रस्त्यावर भेटलेल्या तीस-चाळीस माणसांशी मी बोलले होते, त्यांची नावं, ती कुठून निघाली, कुठे पोचायचं होतं, सगळं माझ्या वहीत होतं. कानात कुणी बोलत नव्हतं म्हणून मला ऐकायला वेळ होता.

याचा अर्थ मी लाईव्हवर सरसकट रागावलेय असा नाही. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. मी वांद्र्याला भाभा रुग्णालयात होते. दाराशी एका कागदावर हाताने लिहिलेली जखमींची यादी लावली होती आणि तिच्यापुढे माणसांची झुंबड उडाली होती. फोन लागत नव्हते. मी ऑफिसला म्हटलं, मला दुसरं काही विचारू नका, मी नावं वाचते. फोनवरून मी ती यादी दोनदा वाचली, सावकाश, बाबांनी शिकवलं होतं तशी, आडनावासकट. नंतर डेस्कवरच्या सहकारी मुलीने सांगितलं की ती ऐकून चार घरांतून फोन आले, आमचा माणूस सापडला म्हणून. इतक्या वर्षांत मी दिलेल्या बातम्यांपैकी पूर्ण समाधानाने आठवावी अशी ती एक आहे, आणि त्यात माझं स्वतःचं वाक्य एकही नव्हतं.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आर्थर रोड सुरू झालं. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली होती, आणि त्या खटल्याचा निकाल तुरुंगाच्या आवारातल्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयात लागायला १२ सप्टेंबर २००६ उजाडला. निकालही एका दिवसात नाही. न्यायमूर्ती प्र. द. कोदे रोज काही आरोपींचा फैसला सुनावत, मग पुढची तारीख. दोष ठरला १०० जणांवर, आणि शिक्षा सुनावण्याचं काम २००७च्या जुलैअखेरपर्यंत चाललं. इतके महिने आम्ही सातरस्त्याच्या त्या गेटबाहेर होतो. आत मोबाइल नेता येत नसे. सुनावणीला बसलेला वार्ताहर धावत बाहेर यायचा, धापा टाकत नाव सांगायचा आणि आम्ही फोन कानाला लावायचो.

तिथे एक म्हातारी बाई बसायच्या. हातात स्टीलचा डबा, डोक्यावर पदर. आरोपींपैकी एकाची आई. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो, विचारलं कुणीच नव्हतं. रोज सकाळी आमच्यातल्या कुणाला तरी त्या विचारायच्या, "बेटी, आज किसका नंबर है?" आम्ही माहिती असेल ती सांगायचो. दादा त्यांना चहा द्यायचे. सगळ्या देशाचं लक्ष एका नटाच्या निकालाकडे होतं, आमचंही. त्याची तारीख असली की रस्ता थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅननी भरायचा, एरवी आम्ही पाच-सात जण.

अशाच एका दुपारी मी फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी, देत होते. एक कान फोनला, दुसऱ्या कानावर हात. त्या माझ्यासमोर आल्या आणि ओढणी धरून काहीतरी विचारू लागल्या. मी त्यांना हाताचा पंजा दाखवला, थांबा. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पाठ फिरवली. फोनो संपला साडेतीन-चार मिनिटांत. वळून पाहिलं तर डबा भिंतीपाशी होता आणि त्या नव्हत्या. दादा म्हणाले, त्यांच्या मुलाचं नाव आज आलं, आतल्या कुणीतरी त्यांना अर्धवट सांगितलं, सुटला की दोषी ते त्यांना कळलं नव्हतं. तेवढंच त्या मला विचारत होत्या. त्या क्षणी मी त्याच निकालाविषयी बोलत होते, हजारो घरांना सांगत होते.

त्या परत आल्याच नाहीत, त्यामुळे निकाल सुटकेचा होता की दुसरा, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधी वाचता आलं नाही. त्यांचा मुलगा निर्दोष असेल किंवा नसेलही. आजही ज्यांना १९९३चा तो शुक्रवार आठवला की घास गिळवत नाही, त्यांच्याविषयी मला कमी वाटत नाही. पण एक माणूस मला समोर येऊन विचारत होता आणि मी दुसऱ्या कुणाला तरी सांगण्यात गुंतले होते. असं पुढे किती वेळा झालं असेल कुणास ठाऊक. लक्षात राहिली ती ही पहिली वेळ.

२००७मध्ये 'झी २४ तास' आलं, त्याच वर्षी 'स्टार माझा', पुढच्या वर्षी 'आयबीएन लोकमत'. मराठी माणसाला आपल्या भाषेत चोवीस तास बातम्या मिळू लागल्या आणि आमच्या पिढीला कामं मिळाली, ही मोठीच गोष्ट. जिल्ह्याजिल्ह्यांतले प्रश्न मुंबईच्या पडद्यावर आले. पूर्वी कोकणातली टेप रात्रीच्या एसटीने यायची, आता तिथला पूर तिथूनच दिसू लागला. पण चोवीस तास भरायला चोवीस तासांच्या घडामोडी रोज कुठून येणार? तेव्हा आमचं थांबणंच पडद्यावर आलं. गेट बंद आहे, गाडी आलेली नाही, बैठक सुरू आहे, आणि आम्ही बोलतोय. "आपण पाहू शकता" हे वाक्य आमच्या तोंडात बसलं ते तेव्हा, आणि बहुतेक वेळा ते पाहण्यासारखं काही नसतानाच म्हटलं जायचं. पूर्वी थांबण्याचे आठ तास माझे असायचे. चहावाला, ड्रायव्हर, वॉर्डबॉय, बंदोबस्तावरचा शिपाई यांच्याशी गप्पा व्हायच्या, आणि आतली बातमी कायम त्यांच्याकडून यायची. दर अर्ध्या तासाला लाईव्ह लागलं की या माणसांकडे पाठ करूनच उभं राहावं लागतं. कॅमेऱ्याला गेट मागे हवं असतं.

हे किती महाग पडू शकतं ते २६ नोव्हेंबर २००८ला कळलं. त्या रात्रीपासून २९च्या सकाळपर्यंत मी गेटवेजवळ, ताजसमोर होते. मधे दोनदा गाडीत तासभर डोळा लागला असेल. समोर धूर, मधेच गोळ्यांचा आवाज, आणि कानात एकच प्रश्न, "आता काय दिसतंय?" २७च्या रात्री मी सांगितलं होतं की अमुक मजल्यावरचे दिवे आत्ता लागलेत. दिसलं ते सांगितलं. मनात दुसरं काही नव्हतं. २८ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना सगळ्या देशाने पाहिले, आणि ज्यांनी पाहायला नको होतं त्यांनीही पाहिले असणार. हल्लेखोरांना सूचना देणारे दूर बसून टीव्ही बघत होते, हे पुढे त्यांच्या संभाषणांतून उघड झालं. १६६ माणसं गेली. २०१२च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसाबची फाशी कायम केली, त्या निकालपत्रात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे आहेत. ती पानं मी दोन दिवस वाचत होते. त्यात माझं नाव नाही, पण माझं वाक्य मला ठाऊक आहे. अमुक मजल्यावरचे दिवे. त्याने कुणाचं काही बिघडलं का, हे मला आयुष्यात कधी कळणार नाही.

२०१५च्या मार्चमध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यायची. आमच्यातल्या काहींना ते बंधन वाटलं. मला ते हवं होतं.

त्याआधी २०१२च्या नोव्हेंबरात कलानगरला 'मातोश्री'बाहेरचे दिवस. बाळासाहेब ठाकरे आजारी होते, रस्त्यावर शिवसैनिकांची गर्दी वाढत होती आणि दर तासाला कुठून तरी वावडी उठायची. ऑफिसातून विचारणा व्हायची, अमुक वाहिनीने सूचक काहीतरी चालवलंय, आपल्याकडे काय? तिथे चुकीचं एक वाक्य म्हणजे शहर पेटण्याचीच भीती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ वार्ताहराने बूम खाली धरला आणि मला म्हणाला, "डॉक्टर बाहेर येऊन सांगेपर्यंत आपल्याला काही माहीत नाही. हे वाक्य लाजून बोलायचं नाही." १७ तारखेला दुपारी डॉक्टर बाहेर आले. तोवर आम्ही दोघं तेच वाक्य बोलत राहिलो.

त्या दिवसांतली दुसरी आठवण कुणाला क्षुल्लक वाटेल. गेटबाहेर बायकांनी लघवीला कुठे जायचं? इतक्या वर्षांत कुठल्याही बंदोबस्ताच्या आखणीत हा प्रश्न मी पाहिला नाही. आम्ही पाणी पिणं कमी करतो. माझ्या वयाच्या कितीतरी महिला पत्रकारांना मूत्रमार्गाच्या संसर्गाने वर्षानुवर्षं छळलंय, पाळीच्या दिवसांचं तर बोलायलाच नको. कलानगरजवळच्या एका इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एक काकू दुसऱ्या दिवशी स्वतः बाहेर आल्या, आम्हा तिघी-चौघींना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "दार उघडंच ठेवते, बेल वाजवू नका, सरळ आत या." बाथरूममध्ये त्यांनी स्वच्छ पंचे आणि पॅडचं पाकीट ठेवलं होतं. माझ्याविषयी, माझ्या वाहिनीविषयी त्यांनी काही विचारलं नाही. दिवाळीत मी अजून त्यांच्याकडे फराळ घेऊन जाते.

राजकारणाविषयी इथे फार लिहीत नाही, ते बोलणारे पुष्कळ आहेत. पण २०१९ सांगायलाच हवं. २४ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीचा निकाल लागला आणि महिनाभर आम्ही प्रत्येक बंगल्याबाहेर, प्रत्येक हॉटेलाबाहेर, यशवंतराव चव्हाण सेंटरबाहेर रात्रंदिवस होतो. कोण कुणाच्या गाडीत बसलं याच्यावर तासन् तास बोललो. आणि २३ नोव्हेंबरला सकाळी आठच्या सुमाराला शपथविधी झाला तो राजभवनात. महिनाभर तिष्ठणाऱ्या आमच्यापैकी बहुतेक जण तेव्हा अंथरुणात होते. मला नवऱ्याने उठवलं, मोबाइल दाखवत. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. पण त्या सकाळी चिंचपोकळीच्या पुलावर गाडीत बसून मी खूप वेळ विचार करत होते. महिनाभरात मी किती शब्द बोलले, आणि त्यातला एक तरी प्रश्न होता का?

मग कोविड आला. २०२०च्या एप्रिलमध्ये आझाद मैदानावर पत्रकार आणि कॅमेरामन यांची तपासणी झाली, त्यात ५३ जण बाधित निघाले. बहुतेकांना लक्षणंही नव्हती. कस्तुरबा रुग्णालयाच्या गेटबाहेर आम्ही लांब काठीला माइक बांधून उभे असायचो. घरी मी वेगळ्या खोलीत, आणि दाराच्या फटीतून मुलगी गृहपाठाच्या वह्या सरकवायची. गेटांवर वर्षानुवर्षं शेजारी उभी असलेली काही माणसं त्या दोन वर्षांत गेली. काहींच्या नोकऱ्या गेल्या आणि ती गावी परतली, त्यांची कुठे बातमी झाली नाही. दादा त्याच सुमाराला निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला ट्रायपॉडची जुनी पट्टी दिली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता मी असाइनमेंट डेस्कवर असते. बाबा म्हणायचे तशी, आत. सकाळी सातला माणसं कुठे पाठवायची ते ठरवते, आणि मग दिवसभर फोन. परवा एका नव्या मुलीला एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या गेटवर पाठवलं होतं. कुणी मंत्री भेट देणार होते, ते आलेच नाहीत. साताऱ्याकडची मुलगी आहे, मेहनती, भाषा स्वच्छ. दुपारी दोन वाजता तिचा फोन आला.

"मॅडम, दौरा रद्द झाला. इथे काहीच नाही. निघू का?"

"गेटवर कोण कोण आहे?"

"म्हणजे? कुणीच नाही. सगळे चॅनेलवाले गेले."

"चॅनेलवाले नाही गं. बाकी कोण?"

ती जरा गोंधळली असावी. मग सांगू लागली. उसाच्या रसाची गाडी आहे, दोन सिक्युरिटीवाले आहेत, एक रुग्णवाहिका लागलीय. "आणि एक काका बसलेत फुटपाथवर. हातात एक्सरेची पिशवी आहे. मी सकाळी आले तेव्हापासून तिथेच आहेत."

"विचारलंस त्यांना?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. फोन तिने ठेवला नव्हता. बसचा हॉर्न ऐकू आला, रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला. मग तिचा आवाज, फोनपासून लांब, थोडा खाली वाकल्यासारखा. "काका, कुणासाठी थांबलात?"

मी टेबलावरचा टीव्ही म्यूट केला आणि फोन कानाशी धरून ऐकत राहिले.